ई. होंडा हाती घेताना: ‘स्ट्रीट फायटर ६’मधल्या सुमो पैलवानाची पहिली ओळख

‘स्ट्रीट फायटर ६’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम नव्याने घेतलेले बहुतेक जण आधी रयू किंवा केन ही पात्रं निवडतात, हादोकेन (हातांतून फेकायचा ऊर्जेचा गोळा) जमत नाही म्हणून वैतागतात आणि मग ऑनलाइन कुठल्याशा जाडजूड पैलवानाकडून सलग मार खातात. तो पैलवान पडद्याच्या एका टोकाहून डोकं पुढे करून क्षेपणास्त्रासारखा येतो, आदळतो, मागे उसळतो आणि पुन्हा येतो. हाच ई. होंडा, म्हणजे एडमंड होंडा. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा सामना सार्वजनिक न्हाणीघरात रंगायचा आणि मागच्या भिंतीवर फुजी पर्वताचं चित्र असायचं. सुमो पैलवान जगात सगळ्यांना भारी आहे हे दाखवायला तो निघालाय, एवढीच त्याची कथा. मला ती पुरेशी वाटते.

त्याच्याशी कसं लढायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा लेख त्याला घेऊन खेळू पाहणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लांबून पाहणाऱ्याला होंडा आडदांड वाटतो, पण तो वाट पाहणाऱ्याचा गडी आहे. सामन्यातला बराचसा वेळ तुमचा अंगठा मागच्या दिशेला दाबलेला असणार. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने खुशाल केन घ्यावा.

सुरू करण्याआधी काय लागेल

- गेम: प्लेस्टेशन ४ किंवा ५, एक्सबॉक्स सिरीज, पीसी किंवा स्विच २, कुठल्याही मशीनवर चालेल.
- कंट्रोलर: मशीनसोबत आलेला साधा चालतो. पीसीवर कीबोर्डही चालतो आणि होंडासाठी तो वाईट नाही.
- लॅन केबल: ही खरी खरेदी. वायफायवर खेळू नका, कारण पायरी ७मध्ये सांगतो.
- एक वही किंवा फोनमधली नोंद: कुणाकडून कशाने हरलो ते लिहायला.

महागडी आर्केड स्टिक, म्हणजे गेम पार्लरसारखा दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर, पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. तिने हात सुधारत नाही, फक्त टेबलावरची जागा जाते.

१. गेम घेताना फसू नका

होंडा मूळ १८ पात्रांपैकी एक आहे. २ जून २०२३ला गेम आला तेव्हापासून तो त्यात आहे. म्हणजे जास्तीची पात्रं असलेली महागडी आवृत्ती फक्त होंडासाठी घ्यायची गरज नाही, साधी आवृत्ती पुरते. डेमो उतरवून पाहणार असाल तर तोही विचार करून उतरवा. गेमसोबत आलेल्या डेमोत ल्यूक आणि रयू एवढेच हाती मिळतात, त्यामुळे होंडा कसा वाटतो हे त्यातून कळत नाही.

जुन्या आठवणींसाठी ‘स्ट्रीट फायटर थर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ हा जुन्या भागांचा संच घेणारेही आहेत. मजा म्हणून उत्तम, पण तिथे शिकलेला होंडा इथे उपयोगी पडत नाही. तिथे चापट्यांच्या माऱ्यासाठी पंचचं बटण धडाधड बडवावं लागतं. ज्यांनी गेम पार्लरमध्ये नाणी टाकून ते बटण बडवलंय त्यांच्या हाताला ती सवय अजून असते. ‘६’मध्ये ती सोडावी लागेल.

२. मॉडर्न की क्लासिक

गेम सुरू होतानाच हा प्रश्न येतो. क्लासिकमध्ये तीन पंच आणि तीन किक अशी सहा बटणं असतात आणि प्रत्येक डाव दिशा फिरवून काढावा लागतो. मॉडर्नमध्ये बटणं कमी, आणि बरेच डाव एक दिशा आणि एक बटण यांवर निघतात.

नवख्याने मॉडर्न घ्यावा असा सरसकट सल्ला मिळतो. होंडाच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. मॉडर्नमध्येही त्याच्या चार्जच्या डावांसाठी चार्ज (म्हणजे काय ते पायरी ३मध्ये) धरावाच लागतो, म्हणजे मुख्य अवघड गोष्ट तशीच राहते. वर एका बटणाने काढलेल्या विशेष डावांचं नुकसान वीस टक्क्यांनी कमी होतं आणि काही साधे मारे मिळतच नाहीत. फायटिंग गेम याआधी कधीच हातात घेतला नसेल तर मॉडर्न ठीक. पण आधी कुठल्याही गेममध्ये दिशा पाव गोल फिरवून डाव काढला असेल, तर सरळ क्लासिक घ्या. पुढे बदलायला गेलात तर सगळं पुन्हा बसवावं लागतं.

डायनॅमिक नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात बटण दाबलं की गेमच ठरवतो काय मारायचं. घरी पाहुणे आले तर तो चालू करून द्या. शिकण्याशी त्याचा संबंध नाही.

३. चार्ज म्हणजे काय, आणि अंगठा कुठे ठेवायचा

इथे घाई करू नका. होंडाचं अर्धं शिक्षण या पायरीत आहे.

चार्ज म्हणजे एखादी दिशा साधारण पाऊण सेकंद दाबून धरायची, मग उलट दिशा आणि बटण एकदम. डोक्याच्या धडकेसाठी मागे धरायचं, मग पुढे आणि पंच. वर उडी मारून बूड आदळायच्या डावासाठी, ज्याला सुमो स्मॅश म्हणतात, खाली धरायचं, मग वर आणि किक.

दोन दिशा वेगवेगळ्या का धराव्यात? खाली-मागे असा कोपरा धरला की दोन्ही चार्ज एकदम भरतात. शिवाय त्या कोपऱ्यात होंडा बसून ब्लॉक करत असतो, म्हणजे पायावर येणारे मारेही अडतात. म्हणून होंडाचा माणूस बहुतेक वेळ त्या कोपऱ्यात दिसतो.

पण त्यातच एक सापळा आहे. उडी मारून येणारा मारा बसून अडत नाही, त्यासाठी उभं राहावं लागतं. समोरचा उडाला की खाली-मागेवरून अंगठा नुसता मागे सरकवा. स्मॅशचा चार्ज जाईल, धडकेचा राहील. नवखे इथेच जास्त मार खातात, कारण अंगठा कोपऱ्यात रुतून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा बारकाईने सांगतो. चार्ज भरायला नुसतं उभं राहावं लागत नाही. दुसरं काहीतरी चालू असताना तो चोरून भरता येतो. क्लासिकमध्ये चापट्यांचा मारा खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच असा निघतो. म्हणजे शेवटी अंगठा पुढे असतो आणि चार्ज शून्य असतो. पंचचं बटण लागल्या क्षणी अंगठा खाली-मागे ओढा. पडद्यावर होंडाचे हात अजून सपासप चालू आहेत, समोरच्याला वाटतंय तुम्ही गुंतलात, आणि तिकडे धडकेचा चार्ज भरतोय. हात थांबेपर्यंत तो बराचसा तयार असतो. उडी मारताना, ब्लॉक करताना, आपटून उठताना, सगळीकडे हाच नियम. काही चालू असेल तर अंगठा मागे.

ट्रेनिंग मोडमध्ये बटणांचा इतिहास दाखवायची सोय आहे, ती चालू करा. किती लवकर मागे ओढता ते आकड्यांत दिसतं. आपल्याला वाटतं आपण लगेच ओढलं, आणि आकडा वेगळंच सांगतो.

समोरचा उडी मारून तुमच्या पलीकडे गेला की ‘मागे’ कुठलं हेच बदलतं. हातांना हे कळायला वेळ लागतो. म्हणून ट्रेनिंगमध्ये दोन्ही बाजूंनी सराव करा. फक्त डावीकडून खेळून तयार झालेला होंडा उजवीकडे गेला की बावळट दिसतो.

४. आधी चारच डाव

डावांच्या यादीत बरंच काही आहे. पहिले काही दिवस या चौघांवर राहा.

धडक (सुमो हेडबट): त्याची ओळखच ही. हलक्या, मध्यम आणि जड पंचाप्रमाणे वेग आणि पल्ला बदलतो. तिन्ही एकदा मारून बघा आणि कुठली कुठवर पोचते हे डोळ्यांत बसवा.

चापट्या (हंड्रेड हँड स्लॅप): जवळून मारा लागला की त्याला जोडायला. एकट्याने, लांबून, आशेवर मारू नका.

सुमो स्मॅश: वर जाऊन खाली आदळतो. दिसायला धमाल, म्हणून नवखे तो फार वापरतात. चुकला तर खाली येईपर्यंत समोरचा निवांत तयारी करून बसलेला असतो.

ओइचो थ्रो: पुढून खालून मागे असा अर्धा गोल आणि किक. होंडा समोरच्याला उचलून आपटतो आणि वर बसतो. साधी पकड समोरचा बटण दाबून सोडवू शकतो, ही सोडवता येत नाही. तिच्यापासून वाचायचं तर उडावं लागतं. धडकेच्या भीतीने जो नुसता ब्लॉक धरून बसलाय त्याच्यासाठी हा डाव आहे, आणि होंडा खेळण्यातलं खरं सुख इथेच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

यादीत पुढे नेको दामाशी, सुमो स्पिरिट, सुमो डॅश वगैरे आहेत. ते नंतर. सुमो डॅशला जोडून येणारे मारे महत्त्वाचे आहेत, पण वरचे चार पक्के व्हायच्या आत ते घेतले तर सगळ्याचीच खिचडी होते.

जाता जाता: यातलं सगळंच काही मनचं नाही. समोरच्याच्या तोंडासमोर टाळी वाजवून त्याला बिचकवणं, म्हणजे नेको दामाशी, खऱ्या सुमोत चालतं. उघड्या हाताची चापटही चालते. मूठ आवळून मारलेली चालत नाही आणि केस ओढलेले चालत नाहीत. होंडाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र काबुकी नाटकातला आहे, सुमोतला नाही. आणि कमरेला बांधलेला तो युकाता (जपानी सुती झगा) घालून खऱ्या रिंगणात कुणी पाऊलही टाकू देणार नाही. तिथे फक्त मावाशी, म्हणजे कमरेचा जाड पट्टा. कथेत त्याचा हुद्दा ओझेकी, म्हणजे योकोझुना या सुमोतल्या सर्वोच्च हुद्द्याच्या एक पायरी खाली.

५. ड्राइव्ह गेज: सहा घरं जपून वापरा

आयुष्याच्या पट्टीखाली सहा घरांची हिरवी पट्टी असते, ती ड्राइव्ह गेज. सामना सुरू होताना ती भरलेली असते. नवख्यांची ती वीस सेकंदांत रिकामी होते.

ड्राइव्ह इम्पॅक्टला एक घर लागतं. तो समोरच्याचे दोन मारे अंगावर झेलून वर मारतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एका डावासाठी दोन बटणं दाबून काढलेला जोरदार प्रकार, दोन घरं खातो. ब्लॉक करता करता उलट मारायचा ड्राइव्ह रिव्हर्सल, तोही दोन. पॅरीतून (बटणं धरून येणारा मारा झेलणं) घेतलेली ड्राइव्ह रश, म्हणजे पुढे झपाट्याने घेतलेली धाव, एक, पण मारा मधेच तोडून घेतलेली तीन. ही तीनवाली नवख्याने विसरून जावी.

पट्टी संपली की बर्नआउट. मग ब्लॉक केलं तरी विशेष डावांनी थोडं थोडं आयुष्य जातं, आणि भिंतीला टेकलेले असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी गुंगी येते. गुंगी आली म्हणजे तो राउंड गेला असं समजा.

होंडाकडे हादोकेनसारखं लांबून फेकायचं काही नाही. त्यामुळे रयू, गाइल, जेपी असे लांबून फेकत राहणारे समोर आले की पॅरी शिकावीच लागते. पॅरीने अडवलेल्या फेकीतून ड्राइव्ह परत भरते. अडवा, दोन पावलं पुढे, अडवा, दोन पावलं पुढे. हे संथ आहे आणि तसंच असायला हवं. रागावून उडी मारलीत की गाइल वाटच बघत असतो.

६. ट्रेनिंग रूममध्ये करायचे तीन सराव

फ्रेम मीटर चालू करा. प्रत्येक माऱ्याची रंगीत पट्टी पडद्यावर येते: मारा निघेपर्यंतचा वेळ हिरवा, लागण्याचा लाल, सावरण्याचा निळा. एका सेकंदात ६० घरं.

पहिला सराव: समोरच्या बाहुल्याला कायम ब्लॉक करायला लावा आणि तिन्ही धडका वेगवेगळ्या अंतरांवरून मारा. पट्टीत दिसेल की ब्लॉक झाल्यावर कोण आधी सावरतं, तुम्ही की तो. आकडे पाठ करू नका. गेममध्ये बदल येतात तसे ते बदलतात. कुठली धडक धोक्याची आणि कुठली त्यातल्या त्यात बरी, एवढंच मनात ठेवा.

दुसरा: बाहुल्याची हालचाल रेकॉर्ड करता येते. दोन हालचाली नोंदवा, एकीत तो चालत येतो, दुसरीत उडी मारतो. दोन्ही उलटसुलट चालू द्या. तो उडाला तरच मारायचं, चालत आला तर नुसता ब्लॉक. उडीला कुठला मारा बरा हे तीन-चार साधे मारे करून स्वतः बघा आणि एकच ठरवा. दोन पर्याय हाती असले की हात ऐन वेळी अडकतो.

तिसरा: बाहुल्याला ब्लॉक करायला लावा, जवळ जा आणि ओइचो थ्रो काढा. सलग जमेपर्यंत. मग थोडं चालून काढा. मग उडी मारून उतरल्यावर काढा. नुसत्या जागेवर उभं राहून जमणारा ओइचो सामन्यात जमत नाही.

कॉम्बोंसाठी, म्हणजे एकाला एक जोडून सलग लागणाऱ्या माऱ्यांसाठी, गेममध्येच कॉम्बो ट्रायल्स आहेत. सोप्या पातळीवरचे एक-दोन घेतले की सध्या बस. वर्ल्ड टूर मोडमध्ये होंडा गुरू म्हणून भेटतो हे खरं, पण तिथे तुम्ही स्वतः बनवलेला माणूस खेळवता. होंडा शिकायला म्हणून तिथे वेळ घालवू नका. गोष्ट म्हणून खेळा.

व्हिडिओ बघताना दोन गोष्टी तपासा: तो ‘६’चाच आहे ना, आणि कुठल्या महिन्याचा आहे. ‘५’मध्ये होंडा ऑगस्ट २०१९मध्ये नंतरचा पात्र म्हणून आला होता. शोधात ते व्हिडिओही वर येतात, आणि त्यातलं बरंचसं इथे लागू पडत नाही. सुमो म्हणून शोधलंत तर ‘टेकन’चा गानर्यूही येईल. तो वेगळाच पैलवान.

७. रँक सामन्यांत उतरताना

होंडासोबत रँकमध्ये पहिल्यांदा उतरलात की १० पात्रता सामने होतात आणि मग तुमची जागा ठरते. रँक प्रत्येक पात्राचा वेगळा असतो, त्यामुळे केनवरचा तुमचा रँक इथे बिघडत नाही.

सामना स्वीकारण्याआधी समोरच्याचं कनेक्शन दिसतं, केबल की वायफाय हेही. भारतातून खेळताना समोरचा बऱ्याचदा देशाबाहेरचा मिळतो. सेटिंगमध्ये जाऊन सामना स्वीकारण्याआधी विचारा असं करून ठेवा, आणि रेषा कमी असतील तर सरळ नकार द्या. त्यात काही लाज नाही. होंडाला अडखळतं कनेक्शन दोन्ही बाजूंनी त्रास देतं. चार्जची वेळ चुकते, आणि समोरच्याला तुमची धडक दिसेपर्यंत ती लागलेली असते. अशाने मिळालेल्या विजयातून तुम्ही काहीच शिकत नाही.

पहिल्या काही रँकांत, आयर्न, ब्राँझ, सिल्व्हरपर्यंत, नुसत्या धडका मारून तुम्ही जिंकाल. लोक वैतागतील, काही जण मधेच सोडून जातील. मनावर घेऊ नका, पण त्या विजयांवर फार विश्वासही ठेवू नका.

८. धडक चालेनाशी झाली की

कुठे ना कुठे, बहुतेकांचं गोल्डच्या आसपास, समोरचा धडकेची वाट पाहू लागतो. तो ब्लॉक करतो आणि परतफेड करतो, किंवा अचूक वेळी पॅरी करतो. इथे बरेच जण होंडा सोडतात. माझ्या मते खरा होंडा इथून सुरू होतो.

आता चार्ज भरून ठेवायचा, पण धडक मारायची नाही. समोरचा तिची वाट पाहत ब्लॉक धरून उभा आहे, तर चालत जा. होंडाची चाल संथ आहे, म्हणून तो आणखी गोंधळतो. जवळ गेलात की ओइचो. पुढच्या वेळी तो ओइचोच्या भीतीने उडेल, तेव्हा पायरी ६मध्ये ठरवलेला उडीवरचा मारा. त्याच्या पुढच्या वेळी काय करावं हे त्याला कळेनासं झालं की मग धडक. एका राउंडमध्ये दोन किंवा तीनच पुरतात.

पॅरीची वाट पाहणाऱ्यांसाठी साधी पकड चांगली. पॅरी धरलेल्याला पकडलं तर नुकसानही जास्त होतं.

प्रत्येक हरलेल्या सामन्याचा रिप्ले बघायची गरज नाही. एकाच माणसाकडून दोनदा हरलात तर बघा, आणि बटणांचा इतिहास चालू ठेवून बघा. त्यात एकच गोष्ट शोधा: आयुष्य गेलं तेव्हा अंगठा कुठे होता. खाली-मागे होता आणि उडीचा मारा लागला, तर पायरी ३ पुन्हा करा. पुढे होता, तर तुम्ही धडक मारत होता, आणि ती त्याला दिसली होती. वहीत पात्राचं नाव आणि हे एवढंच लिहा. महिनाभराने पान उघडलंत की कुठल्या पात्रासमोर अंगठा कायम चुकीच्या जागी असतो हे दिसेल, आणि पुढचा आठवडा ट्रेनिंगमध्ये त्याच पात्राला बाहुला करून घालवायचा.